खालची ओळ

माझा मेल भिंतीवर चार हात रुंद होऊन दिसत होता आणि सगळे हसत होते. मी पहिल्या रांगेत बसले होते, चष्म्याचा नंबर वाढलाय म्हणून. मागून हसू आलं तेव्हा आधी वाटलं, पडद्यावर कुणाचा तरी चुकून फोटोबिटो आला असेल. मग नीट पाहिलं. सरकीच्या गाडीबद्दलचा साधा मेल, मीच आदल्या आठवड्यात लिहिलेला, आणि त्याच्या शेवटच्या दोन ओळींभोवती लाल गोल.

आदिलाबादच्या एका जिनिंग फॅक्टरीच्या ऑफिसात मी एकोणीस वर्षं पत्रव्यवहार बघते. कापूस येतो, सरकी वेगळी होते, रुईच्या गाठी बांधल्या जातात, आणि काय कुठे जाणार याची पत्रं मी लिहिते. पूर्वी कागदावर लिहायची, आता मेलवर. हैदराबादला इंग्रजीत, भैंशाच्या व्यापाऱ्यांना हिंदीत, आणि पैनगंगेच्या पलीकडच्या पेढ्यांना मराठीत. फॅक्टरीचे मालक बदलले, तसे हैदराबादहून एक तरुण मॅनेजर आले. मेल कसा लिहावा हे आम्हाला शिकवायला त्यांनी एक बाई बोलावल्या. दिवसभराचं शिबिर, दुपारी जेवण, आणि जेवणाआधी मी.

बाई फार गोड बोलत होत्या. गोड बोलूनच त्यांनी विचारलं, "मॅडम, इसका मतलब क्या है?"

गोलातल्या ओळी अशा होत्या: "घरातील थोरांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद. लोभ आहेच, तो वाढावा ही विनंती." मी उठून हिंदीत सांगितलं की तुमचं प्रेम आहेच, ते आणखी वाढावं अशी विनंती आहे. झालं. हॉल फुटला. मागून कुणीतरी तेलुगूत म्हणालं, सरकीच्या गाडीवर प्रेमलेख! माझ्या हाताखाली काम शिकलेले लोक तोंडावर रुमाल धरून हसत होते. मी उभी ती उभीच राहिले. खाली बसायचं असतं हेसुद्धा सुचेना.

बाईंनी सांगितलं, मेल हे काम आहे, खाली 'रिगार्ड्स' आणि नाव, संपलं. मॅनेजर त्यांच्याही पुढे गेले. म्हणाले, रोजच्या मेलला तेही नको, नुसतं नाव पुरे, लोकांना वेळ नसतो. सोमवारपासून नाही, आजपासूनच.

मला एवढा धक्का का बसला ते सांगायचं तर माझ्या वडिलांबद्दल सांगावं लागेल. बेल्याकडच्या आमच्या गावात बाबा सगळ्यांची पत्रं लिहून द्यायचे. माणूस ओसरीवर बसून मजकूर सांगायचा, बाबा लिहायचे. शेवट मात्र सांगणाऱ्याचा नसे, बाबांचा असे. "पत्र म्हंजे कोनाच्या घरी जानं हाय," ते म्हणायचे. "उठून येताना मानूस 'येतो' म्हन्ते का नाई? मंग पत्रातून तसंच काऊन उठावं?" तहसीलच्या अर्जीखालीसुद्धा ते निजामाच्या वेळचं 'फिदवी', म्हणजे आपला सेवक, असं लिहून मगच दस्तखत करवून घ्यायचे. तहसीलदार हसत असेल, पण त्यांनी ते सोडलं नाही.

कोरडा शेवट फक्त एकाच पत्राला. मौतीच्या. त्या पत्राला वर श्री नसायचा, एक कोपरा फाडलेला असायचा, आणि खाली नमस्कार नाही, आशीर्वाद नाही, नुसतं नाव. सुतकाच्या घरातून नमस्कार जात नाही आणि त्या घरी जातही नाही. ते पत्र घरात आणायचं नसतं. बाहेर उभ्याने वाचायचं आणि तिथेच फाडून टाकायचं. आईला अक्षर येत नव्हतं, पण टपालवाल्याने पत्र दिलं की ती आधी तळ बघायची. तळाला दोन-चार ओळी दिसल्या की मग ती निवांत खाली बसायची आणि म्हणायची, हं, वाचा आता. वाचून झालेलं पत्र मग कपाटातल्या बाबांच्या पत्रांच्या डब्यात जायचं.

बाबा जाऊन सहा वर्षं झाली. ते गेले तेव्हा मी कामाच्या सगळ्या लोकांना एकाच तऱ्हेचा मेल पाठवला होता, वडील वारले, तेरवीपर्यंत ऑफिसात नाही, आणि खाली नाव. त्यात पांढरकवड्याच्या एका पेढीचे मुनीमही होते. त्यांना मी कधी पाहिलं नव्हतं. आमची सरकी त्यांच्या पेढीवर जायची, एवढीच ओळख. वयाने मोठे आहेत हे भाषेवरून कळायचं, म्हणून मी त्यांना मेलमध्ये 'काका' लिहायची. तेरवी होऊन महिना झाला असेल, काकांचा मेल आला. मजकूर गाडीचाच होता, पण त्याखाली नेहमीच्या 'कळावे'ऐवजी पहिल्यांदाच एक ओळ दिसली: "तब्येतीस जपावे. अनेक उत्तम आशीर्वाद."

मी ऑफिसात होते तरी रडले. घरात आई आणि मी दोघीच. आई आशीर्वाद देते, पण तिचा आशीर्वाद शिव्यांमध्ये मिसळून येतो, वेगळा काढावा लागतो. मला वाटलं, या न पाहिलेल्या माणसाने बापाची जागा रिकामी झालेली ओळखली आणि तिथे एक ओळ ठेवून दिली. त्यानंतर त्यांचा असा एकही मेल आला नाही ज्याच्या खाली ती ओळ नव्हती. संध्याकाळी घरी गेले की आई विचारायची, "आज आला का आशीर्वाद?" आणि मी मोबाइलवरून वाचून दाखवायची. सहा वर्षं आमच्या घरात हे चालू होतं. हसायचं असेल तर हसा, त्या हॉलमधल्या लोकांनी हसायचं तरी कुठे बाकी ठेवलंय.

शिबिर संपल्यावर मी टेबलाशी आले ती पेटलेलीच. कोरडं पाहिजे ना यांना? घ्या कोरडं. त्या संध्याकाळी मी सात मेल पाठवले आणि सातही मेलांखाली फक्त नाव ठोकलं. सातवा काकांना होता. "उद्याची गाडी येणार नाही. आईच्या कारणाने मी चार दिवस ऑफिसात नाही. पुढचं नंतर कळवते." आणि नाव. आईचा मोतीबिंदू काढायचा होता, दुसरं काही नाही. ज्या माणसाला कोरड्या शेवटाचा अर्थ कळतो असा त्या सातांत एकच होता, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. रागात माणसाला पुढचं दिसत नाही म्हणतात. मला खालचंसुद्धा दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात आईला आत नेलं होतं, मी बाकावर बसले होते, तेव्हा काकांचं उत्तर आलं. "मेल मिळाला. गाडीची काळजी करू नये. इकडचे आम्ही पाहून घेऊ." त्याखाली त्यांचं नाव.

त्याखाली काही नाही.

मी अंगठ्याने पडदा वर सरकवला. अजून सरकवला. वाटलं, नेटवर्क कमी आहे, ओळ मागून येत असेल. मोबाइल बंद करून पुन्हा चालू केला. काही नाही. पहिला विचार आला की यांच्याकडेही कुणी गोड बोलणारी बाई येऊन गेली. पण काका तसं ऐकून घेणारे नव्हेत. मग लक्षात आलं. कोरडा शेवट. त्यांच्या घरी कुणीतरी गेलं, आणि सुतकात असूनही हा माणूस माझ्या गाडीची चिंता करतोय! कोण गेलं असेल? बायको? भाऊ? आणि मग आणखी एक धक्का बसला, की त्यांच्या घरी कोण कोण आहे हेच मला माहीत नाही. अकरा वर्षांचा पत्रव्यवहार, दरवेळी 'घरातील थोरांस नमस्कार', आणि ते थोर कोण हे मी एकदाही विचारलं नव्हतं. माझी मलाच लाज वाटली.

आईला बाहेर आणलं. एका डोळ्यावर पट्टी, तोंडाला कोरड. पहिलं वाक्य काय बोलावं तिने?

"आज आला का आशीर्वाद?"

"आला," मी म्हणाले. आईशी मी फारसं खोटं बोलत नाही. ते वाक्य तोंडातून गेलं आणि मला दिवसभर जेवण गेलं नाही.

फोन का केला नाही, असं मला नंतर खूप जणांनी विचारलं. फोनवर काय विचारायचं, तुमच्याकडे कोण मेलं? आमच्याकडे दुःखाच्या घरी फोन जात नाही, पाय जातात. रविवारी पांढरकवड्याला जायचं ठरवलं. शेजारच्या वहिनींना आईपाशी बसायला सांगितलं. रविवारी सकाळी साधी पांढरी साडी नेसले, पायात चपला घातल्या आणि दार उघडलं, तर फाटकाशी एक म्हातारे गृहस्थ उभे. डोक्यावर टोपी, हातात कापडी पिशवी, तोंड घामाने ओलं. त्यांनी नमस्कार केला नाही. माझ्या साडीकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"पांढरकवड्याहून आलो," एवढंच म्हणाले. "फॅक्टरीच्या वॉचमनले घर विचारलं."

मला हुंदकाच फुटला. ज्या माणसाच्या घरी मौत झाली तो स्वतः उठून माझ्याकडे आला! माझं रडणं पाहून त्यांनीही टोपी काढली आणि तिनेच डोळे टिपले. मी त्यांना आत आणून खुर्ची दिली. ते कडेवर बसले, दुखवट्याला आलेला माणूस बसतो तसे, पाठ न टेकता.

"झालं ते लई वाईट झालं, माय," ते म्हणाले.

"हो ना, काका. कवा झालं?"

"मले कसं मालूम? तूच सांग."

"मी काय सांगू? तुमच्या घरचं मले कसं मालूम रायीन?"

"माह्या घरचं?" त्यांनी टोपी खाली घेतली. "माह्या घरी काय झालं?"

मी त्यांच्याकडे बघतेय, ते माझ्याकडे बघतायत. इतक्यात आतून आवाज आला, "कोन आलं वं? चहा ठेव ना, मानूस उन्हातून आलं अशीन."

काकांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. "हे कोन?" त्यांनी हळूच विचारलं.

"आई माही."

ते ताडकन उठले, खुर्ची मागे पडली. काळा चष्मा लावलेली आई भिंत चाचपत दारात आली. काकांचे दोन्ही हात वर उचलले गेले आणि अर्ध्यावर थांबले. सुतकाच्या घरी नमस्कार करायचा नाही असं मनाशी घोकून ते दोन तास बसमध्ये बसून आले होते. ते हात तसेच हवेत राहिले. मग त्यांनी ते जोडले आणि कितीतरी वेळ जोडूनच ठेवले.

काय काय झालं ते उलगडायला वेळ लागला. त्यांनी माझा कोरडा मेल वाचला होता. त्यात आईचा उल्लेख होता. सहा वर्षांपूर्वी असाच मेल माझ्याकडून गेला होता तेव्हा बाबा गेले होते. त्यांना आणखी काय समजायचं होतं? मला मात्र आता कळलं मी काय केलं ते. एका म्हाताऱ्या माणसाला मी माझ्या आईच्या मौतीची खबर धाडली होती. स्वतःच्या हाताने, हॉलमधल्या हसण्यावरचा राग काढायला.

आईचा पारा चढला. "म्हंजे मले मारलं तुमी दोघायनं? डोयाची पट्टी परवाच निघाली, अन् तुमी तेरवी जेवाले आले?" मग स्वतःच हसायला लागली. "खोटी मौत आली की आयुष्य वाढते म्हन्तात. आता दहा वर्सं तुही सुटका नाई, पोरी."

शेजारच्या वहिनींनी चहा केला. आम्ही सगळे इतके हसलो की आईला चष्म्याखालून डोळा पुसायला मनाई करावी लागली. त्या भरात मी काकांना सगळं सांगून टाकलं. बाबांच्या माघारी महिन्याभराने त्यांची ओळ कशी आली, आम्ही ती रोज कशी वाचतो, ती दिसली नाही तेव्हा दवाखान्यात माझं काय झालं. "तुमच्या त्या ओळीवर आमचं घर चालते, काका," मी म्हणाले.

काकांनी कप खाली ठेवला. हसले नाहीत.

"पोरी, तुह्याशी खोटं बोलून जाववत नाई," ते म्हणाले. "ते मी लिहत नाई."

मला कळलं नाही.

"कंप्यूटर दुरुस्त करनारा आलता, त्यानं बसवून देलं ते. सहा-एक वर्सं झाली अशीन. मी म्हटलं होतं, खाली काईतरी बरं दिसते असं घाल. तवापासून आपोआप जाते. सगळ्यायले जाते, टायरवाल्याले, विमावाल्याले. एकदा वकिलाच्या नोटिशीले जवाब देला, त्याले बी गेला आशीर्वाद."

धक्का बसला म्हणणं फार कमी आहे. हॉलमध्ये लोक हसले तेव्हा निदान माझ्याकडे पाय रोवायला ती ओळ होती. आता ती टायरवाल्याकडेही होती. सहा वर्षं मी एका यंत्राच्या पाया पडत होते आणि संध्याकाळी त्या यंत्राचं लिहिलेलं आईलाही वाचून दाखवत होते. मला राग आला. काकांचा नाही, असं लिहिलं तर चांगलं दिसेल, पण काकांचाही आला. खोटं बोलून गेले असते तर काय बिघडलं असतं? आईने साडीचा पदर बोटाला गुंडाळायला सुरुवात केली. बाबा गेले त्या दिवशीही तिने तेच केलं होतं.

"पन त्या दिवशी लई पंचाईत झाली," काका पुढे म्हणाले. ते स्वतःशीच बोलत असल्यासारखे बोलत होते. "तुहा मेल वाचला. जवाब लिहला. पाहतो तं खाली ते बसेल हाय, आशीर्वाद. आता सुतकाच्या घरी आशीर्वाद कसा घुसू द्यावा? काढाचं कसं ते मले येत नाई. दुरुस्तीवाला गेलता नागपूरले. मंग ते मागं जाचं बटन हाय ना, ते दाबून एकेक अक्षर खोडलं. हात कापते माहा, मधातच मजकूर बी खोडल्या जाये, पुन्हा लिहो. खोडलं, तरी मले भेव. धाडल्यावर आपोआप पुन्हा लागलं तं? म्हून आधी सोताले एक धाडून पाह्यला. कोरडा आला. मंग तुले धाडला." त्यांनी टोपी झटकून डोक्यावर ठेवली. "दुपार गेली त्यात. पेढीवर सगळे हासून राह्यले होते मले."

त्यांच्याकडेही लोक हसले होते. माझा राग कुठे गेला मला माहीत नाही. हिंगणघाटपासून हैदराबादपर्यंत आपोआप आशीर्वाद पाठवणाऱ्या त्या माणसाने सहा वर्षांत एकाच मेलचा शेवट स्वतःच्या हाताने केला होता, आणि तो माझा होता.

ते निघाले. दुखवट्याच्या घरून उठताना कुणी काही बोलत नाही, मुकाट्याने निघून जातात. काका उंबऱ्यावर थांबले, वळले आणि मोठ्याने म्हणाले, "येतो, माय. येतो, बाई." आईने आतून तितक्याच मोठ्याने सांगितलं, "या, भाऊ. सावकाश जा."

पुढच्या आठवड्यात मी कामावर गेले आणि मॅनेजरना घडलेलं सगळं सांगितलं. आधी त्यांना वाटलं मी गंमत करतेय. मग मराठीतल्या मेलांना खाली काय लिहायचं ते मॅडमनी ठरवावं, असं ते म्हणाले, आणि तेव्हापासून त्यांनी मला त्याबद्दल काही विचारलेलं नाही.

दुपारी काकांचा मेल आला. सरकीच्या दोन गाड्या, आणि खाली नेहमीची ओळ, आपोआप आलेली. मी ती वाचून पुढे गेले. मग तो जुना मेल उघडला, खाली काही नसलेला, आणि त्याचा प्रिंट काढून घरी आणला.

"आज आला का आशीर्वाद?" आईने विचारलं.

मी कागद तिच्या हातात दिला. तिने सवयीने आधी तळावरून बोट फिरवलं. "खाली काय हाय?"

"काही नाही."

तिला कळलं. असं पत्र उंबऱ्याच्या आत आणत नाहीत, बाहेरच फाडून टाकतात, आणि हे तर तिच्याच मौतीचं होतं. आईने कागदाची घडी करून माझ्या हातात दिली, भिंत चाचपत कपाटापाशी गेली आणि बाबांच्या पत्रांचा डबा काढून माझ्यापुढे उघडा धरला.